मॅडमची फ्लॉपी

बसा ना मॅडम, उभ्या का — नाय, मिळेल, छापायला दिलेली फ्लॉपी मिळेल, इथंच ड्रॉवरमध्ये हाय. आधी पंख्याखाली बसा. फजलशेठ नमाजला गेलेत, दहा मिनिटांत येतील. तर मी काय सांगत होतो — पीसी. तो बघा कोपऱ्यातला, गेल्या महिन्यात आणला शेठनी, नवीन विंडोज टाकून. त्याला व्हायरस लागतो मॅडम, पोरांना सर्दी लागते तसा. आणि हा माझा मॅक — सात वर्षं झाली, एकदा रुसला नाय. अर्ध्या जुईनगरच्या लग्नपत्रिका यातनं निघाल्यात. सकाळी चालू केला की हसतो, खरंच, चेहरा येतो स्क्रीनवर. पीसी हसतो का? काळं तोंड करून पांढरी अक्षरं फेकतो. म्हणून म्हटलं, तुमच्या फ्लॉपीचं जे काय झालं ते त्या पीसीच्या व्हायरसनं —

काय? मग पीसीला का लावली? नाय, पीसीला लावलीच नाय मी. म्हणजे — थांबा, सांगतो. शेठ बोलले होते, कृष्णात, पीसीवरची फ्लॉपी पीसीतच लाव. मी लावीन? सात वर्षं ज्याच्या जिवावर भाकरी खाल्ली त्याला सोडून? तोंडावर हो बोललो, आणि शेठची पाठ फिरली तशी मॅकमध्ये घातली. त्यानं विचारलं — ही फ्लॉपी वाचता येत नाय, पुसून तयार करू का? कोरी फ्लॉपी घातली की तो नेहमी हेच विचारतो, आणि मी हो दाबतो. रोज दाबतो. हाताला सवय, मॅडम. दोनदा विचारलं त्यानं, दोनदा हो दाबलं. मग घरघर सुरू झाली, मिनिटभर, आणि मी बघत बसलो. तेवढ्यात बंद केला असता तर — नाय केला. वाटलं, आपला मॅक कधी चुकत नाय. तो चुकलाच नाय.

गेले. सगळे धवले गेले. तुमच्या आत्यांचे, चांगुणाबाईंचे — लग्नात हळदीपासून गायच्या ते, एकशेचाळीस का किती. त्यांना लिहिता येत नव्हतं, तुमी शेजारी बसून वहीत उतरवून घेतलेत, मग कॉम्प्युटर क्लासला जाऊन टाईप केलेत, माहितीय मला. पण वह्या असतील ना? वह्या द्या, मी रविवारी बसून सगळं परत टाईप करतो, एक पैसा नको. — काय? रद्दीत? सगळ्या वह्या? फ्लॉपीत आलं म्हणून? अहो मॅडम, असं कोण — आणि आत्या तर — हां. गणपतीत गेल्या. त्यांच्या उत्तरकार्याचं पत्र मीच लावलं होतं, याच मशीनवर.

असं बघू नका. शिव्या द्या, पण असं बघू नका. शेठ बोललेत, अजून एक तक्रार आली की मॅक भंगारात आणि तू गावाला. चव्वेचाळीस वय माझं, दोघं पोरं शाळेत, कुठं जाऊ? आणि तो पीसी — नाय जमत मला. भीती वाटते त्याची. लोकांसमोर नावं ठेवतो, पण शेठ नसले की चोरून बसतो त्याच्यासमोर, घाम फुटतो, कुठं काय दाबायचं तेच कळत नाय. हे घरी पण बोललो नाय, तुमाला बोलतोय. शेठला सांगू नका. पाया पडतो तुमच्या, मॅडम, तेवढं एक —

या शेठ. काय नाय, मॅडम फ्लॉपी न्यायला आल्यात. हो शेठ, पीसीलाच लावली, तुमी बोललात तशी. काय निघालं नाय. कोरीच आणलीय मॅडमनी. होतं असं, शेठ, लोकांना सवय नसते — क्लासला सेव्ह करायचं राहून गेलं असेल. ही घ्या मॅडम. जा तुमी आता, आमची जेवायची वेळ झाली.