मध खाणाऱ्याचं नाव

रामनगरच्या दवाखान्यात चंद्राक्का नवऱ्याच्या खोलीबाहेर बसली होती. शेजारच्या बाकावर कॉलेजच्या दोन पोरी परीक्षेचं घोकत होत्या.

"मेद्वेदी. जुना स्लाव शब्द. लिहिलेला कुठंच सापडत नाही, रशियन, पोलिश असले शब्द जुळवून काढलाय. मेदु म्हणजे मध, एद म्हणजे खाणं. मध खाणारा, म्हणजे अस्वल."

"मग अस्वलाचं खरं नाव काय?"

"नाव घेतलं की ते येतं म्हणून कुणी घेईना. शेवटी हरवलं."

"येडीच होती म्हणायची ती माणसं."

"येडी कशानं गं?" चंद्राक्का म्हणाली. "आमीबी रानात वाघाला थोरला म्हनतो. अन् घरधन्याचं नाव तर जलमात घेतलं न्हाई."

नर्स बाहेर आली. "आजी, डोळे उघडेनात ते. सकाळीच म्हटलेलं, नावानं हाक मारा."

"मारली की. लेकीचं नाव घिऊन, पूर्णिमेच्या बा म्हनून."

"नावानं, आजी."

चंद्राक्का आत जाऊन उशाशी उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, हळूच, "लखू. लखू."

नर्सनं त्याचं मनगट धरून पाहिलं आणि अलगद खाली ठेवलं.

"आता राहू दे, आजी."

"थांब गं. जलमभर तोंडात धरून बसलो, आत्ता कुठं घ्यायला लागलोय."