राबाचा धूर

माझं नाव चांगुना. बदलापूरच्या पल्याड बारवी नदीच्या अंगाला आमची वाडी, तिथं माझा जन्म, कुठल्या सालचा ते मना ठाऊक नाय आन् तुमी इचारू पन नका, आमच्यात पोर झोडनीला झाली का लावनीला झाली यवढंच बोलतात, मी लावनीची. माझी पाचवी पुजली आन् आई परत चिखलात उतरली. लगीन करून दिली ती अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडं, सासऱ्याची भाताची खाचरं होती तिथं. पन घरात भाऊ दोन आन् खाचरं एकाच्या पोटापुरती, म्हनून थोरल्यानं, म्हंजे आमच्या ह्यानी, आगबोट धरली आन् कराचीच्या गोदीत माल उतरवायच्या कामाला लागले, मंग मना पन घेऊन गेले. धाकटा दीर मागं राहिला बापाबरोबर शेतीला.

कराची काय वाईट नव्हती हो. खोटं कशाला बोलू, पोटभर खाल्लं तिथं. चाळीत आपली मानसं पन होती, कोकनातली, घाटावरली. पन पानी मचूळ, झाडाचं पान बघायला मिळायचं नाय, वारा आला की भाकरीत वाळू. मासळीबाजारात जाऊन जाऊन मी सिंधी बोलाया शिकले, म्हावरंवाल्याशी भांडन करायचं तर त्याच्याच बोलीत करावं लागतं ना, नायतर तो ऐकतोय कशाला. लेक पन तिथंच झाली, एकच, आता भिवंडीकडं दिलीय.

तर संध्याकाळी हे गोदीतनं आले, आंघोळ झाली, की आमचं एकच चालायचं. परत गेल्यावर पैलं काय करायचं? मी रोज नवीन सांगायची. नदीच्या दगडावर कापडं आपटीन, चांगला आवाज काढून आपटीन, इथं नळाखाली कुजबुजत धुवावी लागतात. इहिरीचं पानी ओंजळीनं पिईन. नव्या तांदळाची भाकरी, उकड काढून, पातळ, अशी फुगवीन की सासू बघत राहील. सुकट आन् कैरी. करंजाच्या सावलीला पाय पसरून बसीन आन् जावेशी गावातल्या समद्या बायकांच्या कागाळ्या करीन. असं माझं रोज. आन् हे? ह्यांचं एकच. राब लावीन.

तुमाना राब ठाऊक नसंल, तुमी शिकलेले. फागुन-चैतात रोपाच्या खाचरात शेन पसरायचं, त्याच्यावर झाडाची तोडलेली टहाळं, मंग वाळल्या पानांचा पातेरा, गवत, आन् वरनं बारीक माती. मंग वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं, म्हंजे भडकत नाय, धुमसत धुमसत जमीन भाजते. त्या राखंत मंग बी टाकायचं, रोप काळंभोर येतं. तर हे बोलायचे, फागुनात जाईन, माझ्या हातानं राब लावीन, बांधावर बसीन, आन् इस्तव बसला की त्याच्यात सुका बोंबील भाजीन आन् तुझ्या भाकरीबरोबर खाईन. मी हसायची. लोक परदेसातनं सोनं मागतात, माझा नवरा धूर मागतो. ते बोलायचे, अगो, तुला काय कळतंय, तो वास नाकात गेला की मानूस घरी आला समजायचं. आन् डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे, त्या कराचीच्या खाऱ्या हवेत. येडाच होता.

लढाईच्या टायमाला गावाकडनं एक मानूस आला, त्यानं सांगितलं, तुमची खाचरं लष्करानं घेतली, तिथं बराकी बांधल्या. सासरे त्याच धसक्यानं गेले. दीर बदलापुराकडं सासुरवाडीला गेला, दुसऱ्याची जमीन कसाया. मी रडले. हे नाय रडले. ते बोलले, लष्कर काय जन्माला पुरनार हाय? लढाई सरंल, लष्कर जाईल, जमीन कुठं जाते. आन् आमाना ते पटलं बघा. शेतकऱ्याला असंच वाटतं, पूर आला, जमीन बुडाली, पूर गेला की जमीन तिथंच. आमाना वाटलं लष्कर म्हंजे पूर.

मंग ते फाळनीचं झालं. ते मी सांगत बसत नाय, तुमी पन ऐकलं असंल. चाळ रिकामी व्हायला लागली, आमी आगबोटीत बसलो, वळकटी, दोन पातेली, लेक. बोटीवर लोक आडवे पडून रडत होते, सिंधी लोक, किनाऱ्याकडं बघून. आन् आमचे हे? उभे. आमी चाललो होतो घरी, आमाना कशाचं रडं? मना बोलले, फागुनाच्या आत पोचतोय बघ.

पोचलो. आन् काय सांगू तुमाना, लष्कर गेलं होतं खरं, पन बराकी तशाच, आन् बराकीत हे बोटीवरचे लोक. हजारानं. पोत्याचे पडदे लावून एका बराकीत दहा दहा बिऱ्हाडं. कचेरीत ह्यानी सांगितलं, साहेब, आमी इथलेच, ही जमीन आमची होती. तिथला कारकून बोलला, कराचीहून आलात ना? मंग निर्वासित. आन् आमाना बराकीतली एक खोली दिली. आमच्याच शिवारात आमाना निर्वासित म्हनून खोली. घर ना दार, देवळी बिऱ्हाड ऐकलं होतं, आमी तर आपल्याच देवळीत उपरे झालो. मी हसले तिथं, खरंच हसले, कारकून बघत राहिला.

इहीर बुजवलेली. करंज तोडलेला. नदीवर दगडाला इतकी गर्दी की आपटायला हात उचलायची सोय नाय. माझी तर समदी हौस आठ-पंधरा दिवसांत फिटली. पन ह्यांचं नशीब बघा, बराकीच्या मागं नाल्यापर्यंत एक पट्टा मोकळा होता, आन् हे तिथं उकिडवे बसले, माती उकरली, हुंगली, आन् मना हाक मारली. अगो, हे आपलं रोपाचं खाचर! बराक चुकली हाय त्याला! लहान पोरासारखे नाचले हो.

मंग रोज पहाटे उठून चिखलोलीच्या डोंगराला जायचे, टहाळं आनायचे डोक्यावर. शेन गोळा केलं. पातेरा आनला. शेजारच्या बायकांना वाटलं चुलीचं सरपन जमवतोय बिचारा. आमच्या शेजारच्या पडद्याआड जमनीअम्मा राहायची, सिंधी म्हातारी, एक सून आन् दोन नातवंडं, बाकी घर तिकडंच गेलं, कसं गेलं ते ती सांगत नसे. ती मना अदी म्हनायची, म्हंजे भैन. बोलली, अदी, तुझा मानूस फार कष्टाळू हाय गं. मी तिला काय समजावलं नाय. समजावायला काय हाय असंच वाटलं, राब तर काय, कुनी पन लावतो.

फागुनातली दुपार होती, वारा पडलेला. मी भाकऱ्या थापल्या, बोंबील काढून ठेवले. ह्यानी माती कपाळाला लावली आन् पेटवलं. काय धूर झाला! पांढरा, जाड, जमिनीला धरून चाललेला, बराकीच्या खिडक्यांतनं आत. आन् हे बांधावर बसले, तोंड वर करून, डोळे मिटून.

आन् मंग ती किंकाळी आली. बाह! बाह! सिंधीत आगीला बाह बोलतात. एक बाई ओरडली आन् अख्खी बराक ओरडली. बायकांनी खिडकीतनं पोरं बाहेर टाकली, हातावर झेलायला कोन हाय नाय ते न बघता. एक म्हातारा कानावर हात ठेवून भिंतीला चिकटून बसला, हलंच ना. जमनीअम्मा नातवंडांना छातीशी धरून पळत आली ती नाल्यात पडली. त्याना वाटलं, लोक आले जाळायला, इथं पन आले. मी धावले, सिंधीत ओरडत धावले, अगं काय नाय, शेताची आग हाय, आमचीच हाय, भिऊ नका. कोन ऐकनार? त्यांच्या मुलखात कालव्याच्या पान्यावर पिकतं, जमीन कोनी जाळत नाय. शहाना मानूस आपल्या जमिनीला आग लावील का, असं त्याना वाटनारच ना.

ह्यानी डोळे उघडले. त्यानी ती मानसं बघितली. मी त्यांचं तोंड बघितलं, आन् अजून मना ते दिसतं. घोंगडी घेऊन ते त्या राबावर तुटून पडले, बडवला, पिंपातलं पियाचं पानी आनून ओतलं, अनवानी पायानं तुडवला. तळवे भाजले. मंग नाल्यातनं जमनीअम्मेला हात देऊन वर काढली, आन् ती वर आली आन् तिनं ह्यांच्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत. आन् मारून मंग ह्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. हे हात जोडून उभे, चुकलो अम्मा, चुकलो. बोंबील तिथंच चिखलात राहिले. अर्धा राब काळा, अर्धा तसाच, पावसापर्यंत तसा दिसायचा, मी मागच्या दारी जायचीच बंद झाले.

त्या दिवसापास्नं ह्यांनी राबाचं नाव काढलं नाय. परत गेल्यावर काय करायचं, तो खेळ पन संपला, परत जायाला आता राहिलं काय होतं? अंबरनाथला काडीपेटीच्या कारखान्यात लागले, वर्सं गेली, लेकीचं लगीन झालं, बराकींच्या ह्या कॅम्पाला उल्हासनगर नाव पडलं, बाजार वाढला, मी टोपलीत सुकी मासळी इकते त्याच बाजारात, सिंध्यांनाच इकते, सिंधीत भाव करते. चालतंय. पन हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी भांडायची, अवो, काय तरी बोला. ते बोलायचे, जेवायला वाढ. आतल्या आत इझला मानूस, मना दिसत होतं आन् मना काय करता आलं नाय.

जमनीअम्मेनं एकदा इचारलं, अदी, तवा तो काय जाळत होता? मी सगळं सांगितलं, कराचीचं, बांधावर बसायचं, बोंबलाचं. मंग ती बोलली, माझ्या घरी गच्चीवर संध्याकाळी पानी शिंपडून खाट टाकायचे, दर्याकडनं वारा यायचा, आन् सून पल्ला तळायची, तो मासा इकडं मिळत नाय. परत गेले की पैली खाट टाकीन. परत गेले की, बोलली ती. मी तिच्या तोंडाकडं बघितलं नाय. मी बोलले, टाक हो अम्मा, टाक.

औंदा ह्यांची छाती भरली. डाक्तर झाले, औषध झालं, श्वास काय पुरेना. फागुनात एक दिवस बदलापूरच्या डोंगराकडनं हवेत वास आला, बारीकसा, आन् हे, जे कूस बदलत नव्हते, त्यानी मान उचलली. अगो, कोनीतरी राब लावला. इतक्या वर्सांनी तो शब्द. मना राहवलं नाय. मी घमेल्यात शेन घातलं, पातेरा घातला, गवत घातलं. आन् इस्तव कोनी आनला ठाऊक हाय? जमनीअम्मेनं. आपल्या शेगडीतला निखारा चिमट्यात धरून आली, तोंड एका अंगाला फिरवून, पन आली, आन् तिनंच घातला. धूर झाला. ह्यांनी हुंगलं आन् मान हलवली. ह्यात माती नाय गो. मी मागं धावले, खाचरातली माती पदरात आनली, वर पसरली, तवा धूर दाटला. मंग बोलले, बोंबील घाल. घातला, भाजला, मोडून तोंडात दिला. चावता येईना. नुसता चोखला आन् बोलले, ह्याला कराचीचा वास येतो गो.

मी हसले. हसले आन् मंग पदर तोंडात कोंबला. तिथं होते तवा हिथला वास हुंगत बसले, आन् हिथं मरताना मेल्याला कराची आठवली! दोन दिवसांनी गेले.

दहाव्याला दीर आला, त्यानं सालीसकट भात आनलं होतं मूठभर, दादाच्या नावानं. त्याचं काय करू? घमेल्यातली राख होतीच. एक फुटका डबा घेतला, खाचरातली माती घातली, वर ती राख, आन् बी टाकलं. नळाचं पानी घातलं. अवो, उगवलं की! इतभर वर आलंय, काळंभोर, ह्यानी बघितलं असतं तर नाचले असते. जमनीअम्मा रोज सकाळी तांब्याभर पानी घालते, पोरांना हात लावू देत नाय. मना बोलते, अदी, बघ कसं छान रुजलं, आता हिथंच पिकंल. तिला अजून सांगितलं नाय मी, की रोप हाय ते, ते उपटून दुसरीकडं लावावं लागतं, तसंच ठेवलं तर दाटी होऊन पिवळं पडतं, दाना धरत नाय. कुठं लावू सांगा? आन् तिला सांगू कशी?

बरं, लिवा आता काय लिवायचं ते. देव तुमाना तुमच्याच घरात म्हातारं करो, यवढंच बोलते. उजेड हाय तवर निघा. मागच्या दारानं जा, स्टेशनाला जवळ पडंल, पन पायरीशी डबा हाय, बघून पाय टाका.