बोल्टांवरची लाल खूण

बोल्टांवरून भांडणारी माणसं बघायची असतील तर आमच्या बोम्मसंद्र्याच्या शेडमध्ये या. रेसच्या गाडीच्या सस्पेन्शनचे बोल्ट बदलायचे होते. माझा पार्टनर समीर म्हणे, सगळ्यात कडक घेऊ. बाबा रिटायर्ड सरकारी इंजिनियर. ते म्हणाले, "फार कडक बोल्ट न सांगता तुटतो. स्वल्प मऊ घे, तो आधी वाकतो." शेवटी बाबांचेच आणले. मी ते नुसते हाताने बसवले, कारण आयुधपूजा होती. पाने-पक्कड सगळं आईने शेडमध्येच पूजेला मांडलेलं, त्या दिवशी अवजार वापरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत समीरने गाडी काढली. गेटपाशीच खडखडाट. सगळे बोल्ट सैल!

"न बघता काढलीस?" मी ओरडलो.

"बघितलं ना! प्रत्येकावर लाल खूण होती."

बोल्ट पान्याने आवळून झाला की आम्ही त्यावर लाल रंगाची खूण करतो. पण मी तर केलीच नव्हती. मी आईला फोन लावला.

"कुंकू आहे ते," आई म्हणाली. "एवढे भांडून आणलेत, त्यांची पूजा नको?"

समीरने फोन हिसकावला. "काकू, यापुढे आम्ही पिवळ्या रंगाने खूण करणार."

"अरे, मग हळद कुठे लावू?"