शेरूचं सहस्रचंद्रदर्शन

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नंबर काही पुढे सरकत नव्हता. मांजराची टोपली घेऊन ताटकळलेल्या आकांक्षाला शेजारच्या आजी-आजोबांचं सगळं ऐकू येत होतं. आजोबांच्या मांडीवर ओकून ओकून गळपटलेला म्हातारा कुत्रा पडला होता.

"किती पेढे घातलेत शेरूला? खरं सांगा."

"पाच. अगं, सहस्रचंद्रदर्शन होतं त्याचं."

"कुत्र्याचं?"

"त्यांचं एक वर्ष म्हणजे आपली सात. साडेअकरा साती साडेऐंशी. एक्क्याऐंशीवं लागल्यावर करतातच ना?"

"आणि निरांजनं कशाला लावलीत? त्यानं शेपटी हलवली आणि माझ्या नव्या सतरंजीला भोक पडलं."

"ओवाळल्याशिवाय कसं करणार, नलू?"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? अख्खी फणसवाडी हसतेय. गुरुजींनाही फोन केलात म्हणे!"

"ते नाही म्हणाले."

"नशीब माझं! तुमचं स्वतःचं येतंयच की तीन वर्षांनी. आपला वरद आत्तापासून हॉल बघतोय. तेव्हा बसवायचं होतं ह्याला शेजारी पाटावर, घालायचे होते काय ते पेढे. तीन वर्षं दम धरवला नाही तुम्हाला?"

"तीन वर्षं म्हणजे त्याची एकवीस, नलू."

आकांक्षाने उगाच टोपलीचं झाकण उघडून पाहिलं.

"द्या इकडे त्याला," आजी खेकसल्या. "तासभर धरून बसलात, पायाला मुंग्या येतील तुमच्या."