ठेवणीतला फेटिया

धावजी : थांब थांब. हे बैल हायेत, हे मले समजलं. बांबूचे हायेत, तेबी समजलं. तू बनवले, लय झ्याक बनवले. पण यायच्या पाठीवर तू काय टाकलं म्हणतो मी?

वर्षा : कापड आहे, बा.

धावजी : कापड मलेबी दिसते. कोणाचं?

वर्षा : दादीचं. तिचा तो लाल फेटिया नव्हता का, आरशांचा? त्या घागऱ्याचा घेर उलगडला तर केवढं कापड निघालं! तिन्ही बैलांना पुरलं. तुम्ही इथून नका पाहू, त्या पळसापाशी जाऊन पाहा. तिथून खरोखरची लदेणी दिसते. मीठ लादलेले बैल खोऱ्यातून उतरत चाललेत, पुढचा तांडा झाडांमागे गेलाय अन् हे तीन मागं राहिले. आमचे सर तर म्हणाले, या अख्ख्या प्रदर्शनात...

धावजी : सर राहू दे. कोणत्या पेटीतला फेटिया?

वर्षा : माळ्यावरच्या.

धावजी : हिरव्या?

वर्षा : हो, हिरव्या पत्र्याच्या. कुलूप नव्हतं तिला. काय झालं? बा, असे खाली काय बसले? चक्कर आली का? उन्हातून चालत आले म्हणून. पाणी आणू?

धावजी : पाणी नको. बसू दे मले जराशीक. सेवाभाया, आता तूच वाचव!

वर्षा : बा, मले भेव वाटून राह्यलं. काय झालं सांगा ना.

धावजी : तो फेटिया कधी पाह्यला होता तू बुढीच्या अंगावर?

वर्षा : नाही.

धावजी : दिवाळीत? लग्नात? तीजच्या सणाले?

वर्षा : नाही. म्हणूनच तर घेतला. पडूनच होता.

धावजी : पडून नव्हता, पोरी. ठेवून होता. तो जायचा फेटिया हाय.

वर्षा : कुठं जायचा?

धावजी : कुठं जायचा म्हणते! सारे जातात तिथं. आपल्यात बाई गेली का तिच्या माहेरचं कापड येते. भाऊ आणते, नाई तं भाचा आणते. ते अंगावर पडल्याबिगर तिले उचलत नाईत. आता बुढीच्या माहेरात कोन उरलं? मामा गेला, मामाचा पोरगा गेला, घरावर कवलं नाई राह्यले. म्हून तुहा आजा गेला तवा तिनं सोताच शिवाले घेतला. ओसरीत बसे, सुई घेऊन. कोणी इचारलं का म्हणे, माहेरचं कापड करून राह्यली, कोणाच्या भरोशावर राह्यची नाई मी.

वर्षा : अरे देवा.

धावजी : दर दिवाळीले बाहेर काढते, ऊन दाखवते, कडुलिंबाचा पाला घालते, परत ठेवते. साऱ्या तांड्याले माहीत हाय. बाया पाह्यले येतात. म्हणतात, जमनीसारखी धीराची बाई नाई.

वर्षा : अन् मलेच माहीत नाही?

धावजी : तू दिवाळीले घरी कवा असते? तुह्या त्या कॉलेजात मातीचे मुंडके करत बसते.

वर्षा : पण मी विचारलं होतं, बा! तुम्हालाच फोन केला होता. म्हटलं, दादीचे जुने कपडे पेटीत आहेत, एखादा घेऊ का कामाला? तुम्ही जिनिंगपाशी होते, मागं ट्रॅक्टरचे हॉर्न वाजून राह्यले होते. अन् तुम्ही काय म्हणाले आठवते का?

धावजी : काय म्हणलो?

वर्षा : म्हणाले, घेऊन जाय, बुढी काय सोबत घेऊन जाणार हाय!

धावजी : असं म्हणलो मी?

वर्षा : हसले पण होते.

धावजी : माह्या तोंडात माती पडो. ती तेच तं घेऊन जाणार होती, लेकरा. दुसरं काहीच नाई.

वर्षा : मी कापला तो, बा. कात्रीने कापला. आता मी तिला तोंड कसं दाखवू? माझ्या हातानं, बा...

धावजी : रडू नको. रडू नको म्हणतो ना. लोक पाहून राह्यले. त्यायले वाटन मी तुह्या बैलाले नाव ठेवलं. हे पाह्य, निघते का ते? आत्ता काढू, घडी घालू, घरी जाऊन तुही माय जोडून देईन.

वर्षा : नाही निघत. खळ लावून चिकटवलंय, वरून सुतळीनं शिवलंय. ओढलं तर फाटेल. अन् आरसे मी वेगळे काढून शिंगांना लावले. ते पाहा.

धावजी : शिंगायलेबी लावले! वा वा. काही बाकी ठेवू नको.

वर्षा : दादी कुठंय?

धावजी : वर, मांडवात बसवली. चहा पेते. म्हणलं, मी पोरीले शोधून आणतो, तवपर्यंत बस. आता अक्कल लढव. तिले इकडं येऊच द्याचं नाई. काय काय हाय इथं दुसरं?

वर्षा : ओढ्यावर एकानं मडकी टांगलीत. वारा आला का वाजतात. त्या टेकाडावर पत्र्याचं झाड आहे. दगडांवर चित्रं काढलीत.

धावजी : बस. मडके दाखवू, पत्र्याचं झाड दाखवू, अन् गाडीत घालून सीधा पांढरकवडा. तिथं भजे खाऊ घालतो.

वर्षा : अन् ती म्हणेल, वर्षाचं काम कुठंय? ती त्यासाठीच आली ना. घाटात उलट्या करत आली.

धावजी : म्हण, माहं नाई घेतलं यायनं. नापास केलं.

वर्षा : मी नापास?

धावजी : झाली तं काय होते? मी मॅट्रिकले नापास झालो तं बुढीनं शिरा केलता. म्हणे, बरं झालं, आता वावरात येशीन.

वर्षा : मला खोटं नाही बोलवत तिच्याशी.

धावजी : मले बोलवते. तू फक्त मान हालव. अन् डोळे पुस, काजळ गालावर आलं. आपण वर जाऊन तिले तिथूनच...

जमनी : वर काहून येता? मीच आली खाली.

धावजी : याडी! माय, तुले बसायले सांगतलं होतं ना!

जमनी : किती बसू? खुर्ची डगमग करे. चहात साखर नाई, अन् ज्याले त्याले इचारा तं म्हणते, आजी, हे पाहाचं असते, हात लावाचा नाई. एकानं भली मोठी खाट उभी करून ठेवली. झोपाची खाट, उभी! म्या म्हणलं, बापू, आडवी कर, जराशीक टेकते. तं हासाले लागला.

वर्षा : दादी, चाल, तुला मडकी दाखवते. ओढ्यावर आहेत. सावली पण आहे तिथं.

जमनी : तुहे डोळे काहून असे लाल झाले वं? इकडं पाह्य. अन् रडली तू?

वर्षा : धूळ गेली डोळ्यात.

जमनी : अन् याच्या? हा काहून असा उभा राह्यला, वावरातल्या बुजगावण्यावानी? धावजी, तुह्या मागं काय हाय?

धावजी : माह्या मागं? काही नाई. बांबू हायेत. लोकायनं ठेवले. याडी, तिकडं पत्र्याचं झाड हाय, लय भारी...

जमनी : झाडं पाह्यले मी घाटातून उतरली का? झाडायले काय तोटा हाय इथं! मी माह्या पोरीचं काम पाह्यले आली. सरक.

धावजी : तिचं नाई घेतलं यावर्षी. नापास...

जमनी : मग त्या पाटीवर वर्षा धावजी राठोड कोणी लिवलं? मले वाचता येत नाई, पण वरच्या पोरानं वाचून देल्लं अन् बोट दाखवलं. म्हणे, आजी, खाली लाल बैल दिसतात ते. सरक म्हणते ना.

(जमनी दोघांच्या मधून वाट काढत बैलांपाशी जाते. एका बैलाच्या पाठीवर हात ठेवते. मग शिंगावरच्या आरशाला बोट लावते.)

जमनी : हे आरसे माहे हायेत.

वर्षा : हो, दादी.

जमनी : ही कोरबी माही.

वर्षा : हो.

धावजी : याडी, पोरीची काही चूक नाई. तिनं मले इचारलं होतं. मी न ऐकता हो म्हणलो. तुले जे बोलाचं ते मले बोल, चार लोकायदेखत बोल. पोरीले...

जमनी : तू चूप राह्य जरा. वर्षे, तू कापला?

वर्षा : हो. मला माहीत नव्हतं दादी, शपथ घेते. मला वाटलं जुना आहे, कोणी नेसत नाही. बा आत्ता सांगून राह्यले. तू शिव्या दे मला, मार.

जमनी : कापताना भेव नाई वाटलं तुले?

वर्षा : नाही. उलट... खोटं नाही बोलत. एवढा सुंदर होता. मला वाटलं, हा पेटीत काहून ठेवला? हा उन्हात पाहिजे.

जमनी : मले वाटे भेव.

धावजी : कायचं भेव?

जमनी : त्याचंच. फेटियाचं.

धावजी : तुले? तू तं साऱ्या तांड्याले सांगत फिरे, जमनी तयार हाय म्हणून!

जमनी : सांगतलं ना. तुहा बाप गेला तवा होतीच तयार. वाटलं, आता आपलं काय राह्यलं इथं? शिवून घ्यावं अन् निघावं. शिवला. अन् मंग राह्यली वाट पाहात. इकडं मी खाटीवर अन् तिकडं माळ्यावर तो. पडल्या पडल्या वाटे का पेटीतून म्हणून राह्यला, काय बुढे, चालतं का? मी म्हणो, थांब, हरभरा निघू दे. हरभरा निघे. मंग म्हणो, थांब, पोरीची परीक्षा होऊ दे.

वर्षा : दादी...

जमनी : ऐक तं. मांगच्या वर्षी मले ताप आला का नाई? तुही माय माळ्यावर चढली, गोधडी काढाले. पेटी वाजली. मले वाटलं झालं, काढला यायनं फेटिया! अशी घाबरली, अशी घाबरली का घाम फुटला. ताप त्या भेवानंच उतरला. अन् तुही माय म्हणे, डॉक्टरच्या हाताले गुण हाय.

धावजी : अन् हे तू कोणाले सांगतलं नाई?

जमनी : कोणाले सांगू? साऱ्या बाया येऊन पाह्यून गेल्या. धीराची जमनी, धीराची जमनी. दर दिवाळीले उन्हात घालाचा अन् हासून दाखवाचा. आता म्हणू का, बायाहो, मले नाई जायचं? पोरं परीक्षा देतात, वावरात तूर हाय, मले अजून लय पाह्याचं हाय? लाज वाटे रे, धावजी. एवढी म्हातारी झाली अन् जगाची हौस फिटली नाई, म्हणतीन.

वर्षा : कोण म्हणेल असं? माझ्यासमोर म्हणून तर पाहू दे.

जमनी : आता काय करते म्हणून! आता नाईच तो. बैलानं नेला. माय वं, छाती कशी हलकी लागून राह्यली. हात लाव, पाह्य. मोकळी झाली मी.

धावजी : म्हणजे तू रागावली नाई?

जमनी : रागावली ना! तुह्यावर. झाडावरून उतरलेल्या हुप्प्यावानी दोन्ही हात पसरून उभा राह्यला माह्या समोर. सोताच्या मायले पत्र्याचं झाड दाखवते!

धावजी : हे बरं हाय. पोरीनं कापला, अन् शिव्या मले.

जमनी : तूच तं म्हणला होता, चार लोकायदेखत बोल म्हणून. वर्षे, तो मधला बैल थोडा लंगडते का वं?

वर्षा : पाय जमिनीत नीट गेला नाही त्याचा. खाली खडक लागला.

जमनी : असू दे. चालत आला ना दुरून. माहा आजा सांगे, या घाटातून उतरत जात ते बैलं घेऊन. मी नाई पाह्यले, त्यानंबी नाई पाह्यले, त्याच्या बापानं पाह्यले. आज म्या पाह्यले. लाल झूल घालून चालले माहे बैलं. अन् लोकं किती फोटो काढून राह्यले! पेटीत कोन फोटो काढणार होतं त्याचा?

धावजी : याडी, हासून राह्यली तू. मले अजून घाम हाय पाह्य. बनियान वली झाली.

जमनी : पुसून घे. तुले सांगतलं होतं, पोरीचं फोनवर नीट ऐकत जाय.

वर्षा : पण दादी, माहेरचं कापड? ते तर पाहिजेच ना. म्हणजे... तसं नाही म्हणत मी...

जमनी : म्हण ना, काहून अडखळते? पाह्यजेच ना. कापडाबिगर कशी जाईन? माहेराचं नाव जाईन. दुसरा शिवा लागन. कापड आणाचं, आरसे आणाचे, कवड्या आणाच्या. अन् आता डोळ्याले सुईचं नाकं दिसत नाई. दोरा ओवाले सकाळची दुपार होते. लय वर्षं लागतीन.

वर्षा : मी ओवून देईन ना दोरा. मीच शिवू लागते तुझ्यासंगं. दोघी बसलो तर उन्हाळ्यातच होईल.

जमनी : तू हात लावू नको, माय. तुहा हात लय जल्दी चालते.