हात थांबवणारी गोळी

...अहो, पण कंपनीनं परत मागवली म्हणजे काय! गोळी आहे ती, रुसून माहेरी गेलेली सून नव्हे! आणि मी इतके महिने रोज सकाळ-संध्याकाळ गिळल्यात त्या कशा परत देऊ? तुम्हाला सांगतो, मी भित्रा माणूस नाही, पण औषधवाल्यानं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं ना, तेव्हा पायसुद्धा लटपटले. हात तर आधीच लटपटायचे... तोच आजार! मज्जातंतूंचा. आणि धंदा काय? पाट्या रंगवायचा! 'दंतवैद्य' लिहायला घ्यावं, तर सैल झालेल्या कवळीसारखा अनुस्वार हलायचा. या गोळीनं हात थांबला, रेघ कशी सुतासारखी सरळ... आणि हा म्हणतो, "काका, हिनं लिव्हर खराब होतं. काही माणसं दगावलीत." दगावलीत! आभाळ भरून आलंय म्हणावं, तशा आवाजात!

घरी आलो. बायकोनं खिडकीपाशी नेऊन पापण्या ओढल्या. "डोळे बरे दिसतायत... अगंबाई! नखं पिवळी!"

"अगं, रंग आहे तो! शाळेची पिवळी पाटी रंगवली ना!"

"मग घासून दाखवा!"

घासली. नऊ नखांचा रंग निघाला, अंगठ्याचा निघेना! मी भित्रा नाही हो, पण टर्पेंटाइनमध्ये अंगठा बुडवून माणूस देवाला काय काय कबूल करतो...

रक्त दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. तोवर उजवीकडे दुखायला लागलं. लिव्हर नक्की कुठल्या बाजूला असतं हो? डावीकडे दाबलं, तिथंही दुखलं! बायको एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत होती. "करपलंय," म्हणाली. करपलं नव्हतं. मी भित्रा नाही, पण तेव्हा... तेव्हा मात्र भ्यालो.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हरला सूज आहे. वेळेत कळलं, उतरेल. दुसरी गोळी देते, पण हात इतका थांबणार नाही."

"मग धंदा?"

"हात हवा की जीव?"

आता हे काय विचारणं झालं! दोन्ही माझेच ना?

सूज उतरली. हात पुन्हा नाचतोय. मी ब्रश धरतो, बायको माझं मनगट धरते... "हं, श्वास सोडा. आता वेलांटी." परवा गिऱ्हाईक पाटी बघून खूश! म्हणालं, "झकास अक्षर! वहिनी, तुम्ही एकट्याच लिहा की, यांना कशाला त्रास?"

विचार करून सांगते, म्हणालीय.