फोनला माझं बोलणं कळंना

हसू नका गं, परवा फोननं माझा जीव खाल्ला. लेक राजू अन् सून बंगळूरला, अवरादच्या घरात मी एकटी. टायपिंग करताना बोटं थरथरतात, म्हणून बोललेलं आपोआप लिहिणारं बटन दाबून म्हणलं, "राजू, कामून फोन करंनास रे?"

फोननं लिहिलं, "राजू, कामाला फोन, करंजी नास रे."

फोनमधली भाषा बदलून बघितली, फोन बंद करून चालू केला, पण काहीतरी भलतंच लिहायलाय. शेवटी शाळेतल्या पुस्तकासारखं बोलले, "राजू, तू मला फोन का करत नाहीस?" तेव्हा बरोबर उमटलं. पाठवलं.

राजूचा लगेच फोन आला. घाबरूनच म्हणला, "माय, हे कुणी लिहिलं? घरात कोण आलंय?"

"कोणी न्हाई रे, मीच हाय."

"व्हय? मग बरं," म्हणला अन् फोन ठेवला.